फोटोच्या खालच्या कडेची सावली

कायझर्सलाउटर्नला मास्टर्स करताना मला एका लहान फोटोसंग्रहात हिवीचं, म्हणजे विद्यार्थी-सहायकाचं, काम मिळालं. इथल्या अमेरिकी लष्करी तळावर राहून गेलेल्या एका अमेरिकन कुटुंबानं आजोबांच्या निगेटिव्ह संग्रहाला दिल्या होत्या. आजोबा गेल्या शतकात अमेरिकेतल्या एका गावात वर्तमानपत्रासाठी फोटो काढायचे. मी त्या स्कॅन करायचे आणि फोटोत काय दिसतं ते लिहायचे. अर्थ लावायचा नाही, दिसतं तेवढंच, असा नियम.

त्या दिवशी एका गिरणीतल्या संपाच्या निगेटिव्हची पट्टी हाती आली. सहा फोटो. पहिल्यात गिरणीच्या फाटकाशी चौघांनी एकाला घेरलंय. दुसऱ्यात कुदळीचा दांडा त्याच्या कानावर बसतोय. तिसऱ्यात तो गुडघ्यांवर, तोंडातून रक्त. चौथ्यात बूट बरगडीत. शेवटच्या दोन्हींत तो हलत नाही, तरी दांडा वर उचललेलाच आहे.

मी सगळं लिहिलं. संग्रहाच्या प्रमुख बाईंनी वाचलं.

"आल्झो, म्हणजे पाच माणसं लिहिलीत तुम्ही. सहावा?"

"सहावा कुणी नाही."

त्यांनी खालच्या कडेवर बोट ठेवलं. जमिनीवर एक लांब सावली होती, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. "हाही तिथेच उभा होता. लिहा."

मला लिहिता येईना. माझ्या फोनमध्ये अशीच एक सावली आहे. माझी.

बारावीत असताना मी अण्णांचा डबा घेऊन मार्केट यार्डात गेले होते. अण्णा, माझे वडील, तिथे हमाल. पोतं चोरून नेताना पकडलं म्हणत तिघं जण त्यांना लोखंडी सळीनं मारत होते. सळी मनगटावर बसली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी ओरडले नाही. फोन काढला आणि व्हिडिओ घेतला. पोलिसांना दाखवू असं वाटलं असेल, आता नक्की सांगता येत नाही. दाखवला मात्र कुणालाच नाही. मी नुसती उभी होते हे अण्णांना कळलं असतं. चोरीचा आळ त्यांच्यावर तसाच राहिला.

सावली लिहून झाली आणि मी बसस्टॉपवरून अण्णांना फोन लावला.

"काय म्हणती तुमची जर्मनी? फोटू बघायचाबी पगार देत्यात म्हणं!"

मी सगळं सांगितलं.

"हाय का अजून ते?"

"आहे."

"मग बघून सांग. माझं हात दिसत्यात का? रिकामं हायेत का?"

इतकी वर्षं तो व्हिडिओ लावला की मी माझ्या सावलीकडेच बघायचे, ती एक पाऊल तरी पुढे जाते का म्हणून. त्या दिवशी अण्णांचे हात बघितले. सळी बसायच्या आधी दोन्ही वर होते, पंजे उघडे.

"रिकामे आहेत, अण्णा."

"मग पाठव की," ते म्हणाले. "यार्डात समद्यांना दावतो."