सहाव्या कपाची बशी

भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून चहा ठेवायला जाते. अठरा वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवतेय आणि मुलांना एकच सांगत आलेय — जे दिसतं ते काढा, मनचं घुसडू नका. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच जरा लाज वाटतेय. मिस्टर म्हणाले, "लिहून टाक एकदाचं, नाहीतर मलाच रोज ऐकावं लागेल."

आम्ही लाखनीला राहतो, हायवेपासून दुसऱ्या गल्लीत. सासूबाई, म्हणजे आई, आमच्याकडेच असतात. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, तेही माझ्या लग्नाच्या आधी. म्हणजे मी ते गाव कधी पाहिलेलं नाही. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही. एवढं नीट लक्षात ठेवा.

सासरे सरकारी विश्रामगृहात खानसामा होते. तिथे स्टीलची भांडी आली तेव्हा साहेबांनी चिनी मातीचा जुना सेट त्यांना देऊन टाकला. इंग्रजांच्या काळचा, पातळ, निळ्या वेलीचा... सहा कपबश्या, किटली, दुधाचं भांडं. गावात कुणाकडे मुलगी दाखवायचा कार्यक्रम असला की हा सेट त्या घरी जायचा. पाहुणे गेले की धुऊन परत, पण रिकामा नाही — कपात चिमूटभर साखर घालून. अर्ध्या गावाच्या पोरींची लग्नं माझ्या कपांनी जुळवली, असं आई अजून ऐटीत सांगतात.

बश्या मात्र आता पाचच आहेत. सहावी पार्बताबाईंनी ठेवून घेतली, हे आईंचं म्हणणं. पार्बताबाई म्हणजे त्यांची शेजारीण, जिवाभावाची मैत्रीण. गाव उठायच्या आधी सेट शेवटचा त्यांच्याच घरी गेला होता, मुलीच्या कार्यक्रमाला. नव्या घरी पेटी उघडली तर एक बशी कमी! आईंनी ते त्याच मुलीच्या लग्नात, भर मांडवात बोलून दाखवलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

यंदा आईंचे हात फार थरथरायला लागले. एक कप पडता पडता वाचला, म्हणून आम्ही सेट वरच्या कपाटात ठेवला. त्या रुसल्या, जेवेनात. मग मी ठरवलं, एकेक वस्तू पोस्टकार्डाएवढ्या कागदावर जलरंगात काढायची आणि त्यांच्या पलंगाजवळ लावायची. रोज दुपारी शाळेतून आलं की एक चित्र. आई समोर बसून चुका काढायच्या. "पान एवढं जाडं नाही वं!" मुलांच्या वह्या तपासून मी जे काही पाप केलं असेल ते सगळं फिटलं.

सहाव्या कपाच्या दिवशी आई झोपल्या होत्या. बशीशिवाय कप बोडका दिसत होता, म्हणून बाकीच्या पाच बघून मी सहावी आपल्या मनाने काढली. रंग ओला असताना तिच्या कडेला एक काळपट डाग पसरला. टिपला, तरी राहिला. मग खाली सावलीसाठी करडा रंग घेतला आणि हात चालतच राहिला... चौकोनात चौकोन, तिरप्या रेघा. खरं सांगते, तेव्हा भीतीबिती काही वाटली नाही. उलट फार शांत वाटलं, लेकरू कुशीत झोपल्यावर वाटतं तसं.

आई उठल्या. चित्र हातात घेऊन त्यांनी खालच्या करड्या रेघांवर बोट ठेवलं.

"हा इहिरीवरचा दगड कोनं सांगतला तुले?"

"कुठला दगड, आई?"

"आमच्या आंगनातल्या इहिरीचा. पोट्ट्यायनं खेळाचा पट कोरला होता त्याच्यावर. अन् हे पाह्य..." त्यांचं बोट डागावर होतं. "वातीनं काळं झालं आहे."

आणि त्या रडायलाच लागल्या. "मीनंच ठेवली होती वं! गाव सोडाच्या दिवशी इहिरीपाशी दिवा लावला. पनती गाठोड्यात बांधलेली, तं बशीतच लावला. अन् तशीच टरकात जाऊन बसली. पार्बताले चोर म्हनलं मीनं... तिच्या पोरीच्या मांडवात!"

मी म्हटलं, तो नुसता रंगाचा डाग आहे. त्यांनी ऐकलंच नाही. पार्बताबाईंनी अंथरूण धरलंय, हे आमच्या कानावर आलं होतं. ती आहे तोवर तिची माफी मागायची, एवढा एकच ध्यास आईंनी घेतला.

रविवारी साकोलीला एसटी बदलून आम्ही लाखांदूरला गेलो. पार्बताबाई तिथे त्याच मुलीकडे असतात. आईंना दारात पाहून मुलीचा चेहरा कठोर झाला, तरी तिने पाणी दिलं. पार्बताबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईंनी त्यांच्या हातात चित्र दिलं आणि सरळ पाय धरले.

पार्बताबाईंनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "हे तं त्या दिवशीची बशी आहे."

आईंनी मान वर केली. "तुले मालूम होतं?"

"तुह्या मागंच तं उभी होती मी, तू दिवा लावला तई."

"मंग मांडवात काहून नाही बोलली? एवढ्या लोकायसमोर..."

"कायले बोलू? घर गेलं, इहीर गेली, वावर गेलं. कोनावर तरी राग काढाचाच होता तुले. धरनावर काढून का धरन आयकनार होतं? मीनं म्हटलं, माह्यावर काढू दे."

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही हे पहिल्यांदाच कळत होतं. मला तिथे थांबवेना, मी बाहेर ओट्यावर जाऊन मनसोक्त रडून घेतलं.

मिस्टर म्हणतात, आईंनी कधी बोलण्यात तो दगड सांगितला असेल. दगडाचं एक वेळ मानते. पण दिव्याचं आई स्वतःच विसरल्या होत्या, मग मला कोण सांगणार? घरी येऊन मी तीच बशी आणखी दोनदा काढून पाहिली. स्वच्छ आली, नुसती बशी. मला याचं उत्तर सापडलेलं नाही, आणि आता मी शोधतही नाही.

ते पहिलं चित्र मात्र आमच्याकडे नाही. निघताना मी हात पुढे केला, तर पार्बताबाईंनी ते उशीखाली सारलं. आईंकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "एवढे वर्षं चोर म्हनून नाव तं घेतलंच तू माह्यं. आता खरंच ठेवून घेतो."