गुळातली सुरमई
कढईत गूळ आटल्याचा वास आला की मला शाहूपुरीतलं ते स्वयंपाकघर आठवतं. लग्नाला महिना झाला होता. नोकरीवरून येऊन मी एकाच कढईत गूळ, चिंच, लसूण आटवून त्यात सुरमईचे तुकडे आणि ढब्बू मिरची घोळवली होती. तुकडे कसे चकाकत होते. सासूबाईंनी झाकण उघडलं. "माशात गूळ? ह्यो मासा हाय का शिरा?" म्हणाल्या आणि चव न घेताच कांदा-लसूण चटणीचे दोन चमचे त्यात कालवले. नवऱ्यानं पहिला घास घेतला. "आत्ता कुठं चव आली बघ." मी माझं ताट मोरीत ओतलं. सासूबाई आता नाहीत, त्यांच्यावरचा राग केव्हाच गेला. ‘आत्ता कुठं’ म्हणणारा मात्र अजून रोज माझ्यासमोर बसून जेवतो.