फरझाना आमच्या घरातलीच

फरझानाने आमचा डबा कधी रिकामा परत दिला नाही. माझी आई कतारमधल्या अल खोर गावातल्या आमच्या घरून रोज माझ्यासोबत तिच्यासाठी एक स्टीलचा डबा पाठवायची. संध्याकाळी तो परत माझ्या हातात यायचा तेव्हा घासून लखलखीत केलेला असायचा आणि आत काहीतरी खुळखुळायचं. कधी दोन खजूर, कधी चार पेपरमिंट, महिनाअखेरीला नुसती चमचाभर साखर. "रिकामा डबा दिला तर देणाऱ्याचा हात आखडतो, बाय," ती म्हणायची. आई डबा उघडायची, साखर बरणीत ओतायची आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "वळण म्हणतात ते हे." माझा स्वतःचा डबा त्या वेळी बॅगेत पडलेला असायचा, दुपारच्या भाजीच्या तेलासकट.

हेव्याची सुरुवात तिथून झाली, हे मी आता लपवत नाही.

दोह्यातल्या एका परदेशी विद्यापीठाच्या शाखेत आम्ही दोघी कॉम्प्युटर शिकत होतो. प्रवेशाच्या रांगेत मी आईशी फोनवर मराठीत कुरकुर करत होते, तेव्हा पुढची ठेंगणी मुलगी वळली आणि म्हणाली, "हळू बोल गो. मला सगळं समजतंय." ती मूळची श्रीवर्धनकडची. ती शाळेत असतानाच तिची आई वारली होती. वडील इथे एका व्यापारी कंपनीत कारकून होते. तिची पहिल्या वर्षाची फी भरून ते जे गावी गेले, ते परत आलेच नाहीत. तिकडे त्यांनी दुसरं लग्न केलं आणि फोन नंबर बदलला. फरझाना दोह्यातच, अल मन्सूरा भागातल्या एका मल्याळी कुटुंबाकडे राहायला गेली. त्यांच्या दोन मुलांना गणित शिकवायचं आणि त्या बदल्यात एक खोली. कोणी वडिलांचं विचारलं तर ती शांतपणे सांगायची, "बाप हाय ना. फक्त मला नाय."

अशा मुलीचा कोणी हेवा करतं का? मी केला. मला वाटायचं, हिला कोणी विचारणारं नाही. कुठे होतीस, किती वाजता येणार, हाच विषय का, तोच का नाही. माझ्या रहिवासी कार्डावर प्रायोजक म्हणून, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर या देशात राहायचं तो, बाबांचं नाव होतं. तिचे वडील गेल्यावर कॉलेजने तिला आपल्या प्रायोजकत्वावर घेतलं होतं, त्यामुळे तिच्या कार्डावर कॉलेजचं नाव होतं. ते कार्ड मी एकदा हातात घेऊन बराच वेळ बघत बसले होते. "काय बघतेस? फोटो वाईट हाय," ती म्हणाली. मी फोटो बघत नव्हते.

त्या वर्षी मला कॉम्प्युटर सोडून डिझाइनला जायचं होतं. बाबा रास लफानच्या गॅस प्रकल्पात इंजिनिअर. ते म्हणाले, "चित्रंच काढायची असतील तर स्वतःच्या पैशाने काढ." मी म्हटलं, काढते. कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी अर्ज केला आणि 'आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र' या चौकोनात ठसठशीत खूण केली. त्याच आठवड्यात फरझानानेही अर्ज केला. दोघी एकाच बाकावर बसून फॉर्म भरत होतो. मी तावातावाने, ती तोंडाने काहीतरी गुणगुणत.

माझा निकाल पाच मिनिटांत लागला. मदत विभागातल्या बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, "पालक पैसे देत नाहीत म्हणून विद्यार्थी स्वतंत्र ठरत नाही. तू त्यांच्याच घरात राहतेस, ते तुला सांभाळतात. घरातलं भांडण हे कारण होत नाही." मी मान खाली घालून बाहेर आले. फरझानाला मात्र त्यांनी सांगितलं, तुझी परिस्थिती वेगळी दिसते. वडिलांचा आधार तुटला आहे आणि दुसरा कुणाचा नाही, हे सांगणारी दोन पत्रं आण. एक शाळेतल्या शिक्षकांचं, एक तुला जवळून ओळखणाऱ्या कुणाचं, हाताने लिहिलेलं.

शाळेतल्या बाईंनी त्यांचं पत्र लगेच दिलं. दुसऱ्यासाठी ती माझ्याकडे आली. "फार नको लिवूस. हिला कोणी नाय, एवढंच लिव. खलास."

त्या पत्रावर तिचं सगळं अवलंबून होतं. मदत नाही तर फी नाही, फी नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज सुटलं की रहिवासी कार्डही गेलं. गावी मामूने एक मुलगा बघूनच ठेवला होता. हे सगळं मला माहीत होतं. ते माहीत असताना मी रात्रीचं जेवण झाल्यावर टेबलाशी बसले. समोर आई दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मटकी निवडत होती. "फरझूला उसळ आवडते," ती म्हणाली. मला उसळ आवडत नाही. मी पेन उचललं आणि लिहिलं: फरझाना आमच्या घरातलीच आहे. माझी आई तिचं सगळं बघते, तिला लेकीसारखंच मानते. आम्ही असताना तिला काही कमी पडणार नाही.

इतकं गोड पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही. कोणी वाचलं असतं तर म्हटलं असतं, काय गुणाची मैत्रीण! केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कापणारी मीच होते.

अर्ज अर्थातच अडला. बाईंनी पत्र तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "तुला तर कुटुंब आहे." दुपारी फरझाना मला शोधत कँटीनमध्ये आली. आता भांडण होणार म्हणून मी चार उत्तरं तयार ठेवली होती. ती समोर बसली. डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "तू असं समजतेस मला?" ती म्हणाली. "मला ठाऊकच नव्हतं. कामाचं नाय गो पत्र तुझं, पण फार भारी हाय. मी त्याची कॉपी मागून घेतली." संध्याकाळी डबा परत आला तेव्हा त्यात पेढे होते. अर्ज अडलेल्या मुलीने पेढे दिले होते, माझ्या पत्रासाठी.

ते पेढे आईने चवीने खाल्ले. मी एकालाही हात लावला नाही.

तीन दिवस मी टाळाटाळ केली. चौथ्या दिवशी अल मन्सूऱ्यातल्या तिच्या घराखालच्या हॉटेलात तिला बसवलं, दोन दाट दुधाळ करक चहा मागवले आणि सगळं सांगून टाकलं. हेवा वाटला. मुद्दाम लिहिलं. अर्ज अडावा म्हणूनच लिहिलं. शिवाय नवीन पत्र लिहून आणलं होतं, ते पुढे सरकवलं: हिच्या वडिलांनी हिला टाकलं आहे. आम्ही दुपारचा डबा देतो, त्यापलीकडे काही देत नाही. हिला कोणी नाही.

फरझानाने ते वाचलं. चहा संपवून कप बाजूला ठेवला. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"डबा पण खोटाच?"

"नाही गं. डबा आईचा आहे."

"मग बस." तिने पत्राची नीट घडी घातली. "हे ऑफिसला देते. पहिलं माझ्याकडे राहू दे. खोटं असलं तरी अक्षर तुझंच हाय."

मदत विभागातल्या बाईंपुढे मी स्वतः जाऊन उभी राहिले आणि पहिलं पत्र का लिहिलं ते सांगितलं. त्या वेळी त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती अजून आठवते. फरझानाला मदत मिळाली. मी डिझाइनला गेले नाही. कॉम्प्युटरच पूर्ण केलं, आणि तेही तिच्या वह्या वाचून. मार्क तिलाच जास्त पडले. त्याचाही हेवा वाटला.

गेल्या वर्षी तिला मस्कतला नोकरी लागली. जायच्या आधी ती अल खोरला आमच्याकडे आली आणि नव्या कंपनीचे फॉर्म घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. तिच्या पासपोर्टच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात माझं ते पहिलं पत्र मला दिसलं. फॉर्ममध्ये एक रकाना होता, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचं. "काकू, तुमचं नाव लिवू?" तिने विचारलं. आई स्वयंपाकघरातूनच ओरडली, "विचारतेस काय! लिही."

पुढचा रकाना नात्याचा होता. तिथे तिचं पेन थांबलं. तिने आईकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"इथं काय लिवू?"

आई माझी आहे, हे एकदा तरी मोठ्याने म्हणावंसं वाटलं.

"आई लिही," मी म्हणाले. "आमच्या घरातलीच आहेस."