कलिंगडाचं दुःख

पुस्तकं वाचणाऱ्या माणसांविषयी माझं मत चांगलं होतं. मग एका बुक क्लबने मला अभिवाचनाला बोलावलं.

जागा म्हणजे पुस्तकांचं एक छोटं दुकान. भिंतींना पुस्तकं, मधे गाद्या आणि हातात न संपणारी कडू कॉफी. टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा या मंडळींचा नियम. टाळ्यांनी म्हणे शब्द दचकतात. आवडलं तर चुटक्या वाजवायच्या. आमच्या हडपसरला तशा कुत्र्याला बोलावताना वाजवतात.

आईला मी मुद्दाम सोबत नेलं होतं. वडील गेल्यापासून ती हसायचंच विसरली होती. त्यांच्यावरचा माझा लेख ऐकून तिने चार लोकांत खळखळून हसावं, एवढ्यासाठीच मी हे निमंत्रण घेतलं होतं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझा लेख वाचला नव्हता, आडनाव वाचलं होतं. त्यावरून आम्ही बौद्ध, आणि बौद्ध म्हणजे लेख वेदनेचाच, असं त्यांनी ताडलं. "आता आपण एक जखम ऐकणार आहोत," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या. लग्नपत्रिका न उघडताच सांत्वनाला निघालेली माणसं!

जखम अशी: आई-वडील मंडईतून कलिंगड घेऊन बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. वडील सरकारी नोकरीतले, नियमावर बोट ठेवणारे. म्हणाले, "मांडीवरच्या मुलाला तिकीट लागत नाही." वाद रंगात आला आणि करकचून ब्रेक लागला. कलिंगड घरंगळत थेट ड्रायव्हरपर्यंत गेलं. कंडक्टर म्हणाला, "काका, तुमचं पोरगं चालायला लागलं. आता काढा तिकीट."

आईला हसू फुटलं. तोंडाला पदर लावूनही आवरेना. ते हसू इतक्या दिवसांनी ऐकलं आणि मला पुढचं वाचताच येईना.

तेवढ्यात पुढच्या गादीवरचे एक गृहस्थ मागे वळले. "शूऽऽ! आजी, त्या दुःख सांगतायत." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

"अहो, हसायचंच आहे!" मी ओरडले.

"वेदनेतूनच असा विनोद जन्मतो," बाई हळुवारपणे म्हणाल्या. चुटक्या वाजल्या. मग एकाने कलिंगडाच्या लाल रंगाचा अर्थ उलगडून दाखवला. वडिलांनी दुधी घेतला असता तर या माणसाचं काय झालं असतं, कोण जाणे.

आई मात्र शेवटपर्यंत मान खाली घालून बसली, त्यांच्यासारखीच.

बसस्टॉपवर म्हणाली, "आधी सांगायचंस गं, दुःखाचं आहे म्हणून. मी आपली वेड्यासारखी हसत बसले."

"आई, त्या बसमध्ये तू होतीस ना?"

"होते गं. पण ती शिकलेली माणसं. त्यांना काहीतरी कळलं असेल."