एलेनीबाईंचे गाबोळीचे वडे आणि आमच्या आई

माणूस सहा महिने राहून परत गेला, की फोटो फोनमध्ये पडून राहतात, किस्से मात्र रोज कुणी ना कुणी काढतं. माझ्या सासूबाई अलिबागहून आमच्याकडे अमेरिकेत, मॉरिसव्हिलला येऊन गेल्या, त्यांचंही तसंच. बहुतेक किस्से शेजारच्या एलेनीबाईंबरोबरचे. एलेनी ग्रीसच्या, पंच्याहत्तरीच्या, एकट्या. इंग्लिश कामापुरतं. आमच्या आईंचं इंग्लिश तर 'थँक्यू'ला सुरू आणि तिथंच बंद!

*

आईंची चतुर्थी होती. एलेनी भांडं परत द्यायला आल्या, तर ओट्यावर भिजवलेला साबुदाणा. त्या एकदम खूश! "फिश एग्ज!"

"नो, नो, इट्स टॅपिओका!" माझी लेक सई घाईनं म्हणाली.

आईंनी विचारलं, "काय म्हणतेय गं?"

"मासळीची अंडी वाटली त्यांना."

"अगं बाई, गाबोळी! हिला गाबोळी आवडते?" भर उपवासात आईंच्या तोंडाला पाणी सुटलं.

*

दुसऱ्या दिवशी एलेनींनी आम्हाला घरी बोलावलंच. खारवलेल्या गुलाबी गाबोळीची बरणी, भिजवून पिळलेला पाव, कांदा, पुदिना आणि चक्क शेपू! सगळं मळून चपटे वडे तळायचे. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाला हे चालतं म्हणे.

आईंनी बरणी उचलून पाहिली. "उपवासाला गाबोळी?" मग जरा विचार करून म्हणाल्या, "आपले नियम करणारे समुद्राकाठी राहत नव्हते वाटतं!"

*

आईंनी थापलेले पहिले वडे तेलात फुटले. आई घरी जाऊन बेसनाचा डबा घेऊन आल्या. एलेनींनी जोरात मान हलवली, "नो!"

त्या लिंबू आणायला वळल्या मात्र, आईंनी दोन चमचे बेसन आत ढकललं. पुढचा घाणा एकदम कुरकुरीत!

एलेनींनी एक वडा डोळे मिटून खाल्ला. म्हणाल्या, "सी? तुमची पिवळी पावडर लागतच नाही!"

"काय म्हणतेय?" आईंनी विचारलं.

"छान झालेत म्हणतायत," मी सांगून टाकलं.

*

माझा नवरा नीलेश लहानपणापासून शेपूच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. त्यानं सहा वडे खाल्ले आणि विचारलं, "आई, ही कसली कोथिंबीर?"

"ग्रीसची आहे. गप खा!"

*

आई परत गेल्या. एलेनी दोन आठवडे बाहेर दिसल्याच नाहीत. मग एका रविवारी सकाळी गाबोळी मळलेल्या हातांनीच आमच्या दारात उभ्या. "कॉल आई!"

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. योगायोगानं आईंनीही त्याच दिवशी बाजारातून ताजी गाबोळी आणली होती. मी फोन एलेनींच्या ओट्यावर टेकवला आणि दोघींचं तळण सुरू झालं. एकीचं ग्रीक, एकीचं मराठी, थांबायचं नाव नाही!

बोलता बोलता एलेनींचा आवाज भरून आला. बराच वेळ त्या ग्रीकमध्येच काहीतरी सांगत राहिल्या. आईंनी गॅस बंद केला. "हो गं... हो..."

मला राहवेना. म्हटलं, "आई, फोनवर भाषांतर लावू का?"

आई वैतागल्या. "तू मध्ये बोलू नकोस! ती काय सांगतेय ते नीट ऐकू दे मला."