आज डब्यात काय होतं

मला कोरोना झाला तेव्हा घरात मी एकटीच होते. हे आंब्याच्या दिवसांत कोकणात गावी गेलेले, ते तिकडेच अडकले. फोनवरून रोज तीन सूचना यायच्या: वाफ घे, पालथी झोप, मन आनंदी ठेव. पहिल्या दोन जमल्या. मन आनंदी ठेवायचं म्हणजे नेमकं काय करायचं असं विचारलं, तर म्हणाले, "टीव्ही बघ." त्या दुसऱ्या लाटेत टीव्हीवर काय दाखवत होते ते ज्यांना आठवत असेल त्यांना माझा संताप कळेल.

आमची इमारत नायगावला, खाडीच्या अंगाला. नवी आहे, टोलेजंग आहे, आणि माणसं एकमेकांना फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखतात. माझा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडला, 'सातव्या मजल्यावरील पेशंटने कृपया लिफ्ट वापरू नये.' पेशंट म्हणे! मला उठून पाण्याचा तांब्या भरायचं त्राण नव्हतं, मी लिफ्टमधून कुठे मिरवायला निघाले होते? खाली बारा-पंधरा जणांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मी फोन उशीखाली सरकवला.

पहिले एक-दोन दिवस कुकरला खिचडी लावली. मग तेही होईना. एका दुपारी बेल वाजली. तोंडाला ओढणी बांधून दारापर्यंत पोचेतो बाहेर कुणी नव्हतं. चपलांच्या रॅकवर स्टीलचा डबा होता, गरम. आत आमटी, भात आणि कसलीशी पालेभाजी. इंटरकॉमवरून वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, टेबल पे रखा था, आपका फ्लॅट नंबर लिखा था, तो ऊपर रख दिया." कुणी ठेवलं ते त्याने पाहिलं नव्हतं.

जेवले. चव काही कळत नव्हती, वासही नाही. पोटात काहीतरी गेलं एवढंच. डबा घासायला घेतला तेव्हा झाकणावर कोरलेली नावं दिसली आणि मी नळ बंद करून झाकण उजेडात धरलं. माझ्या भाचीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं ते.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. ताई इथेच, उमेळ्याला. रिक्षात बसलं की पोचलं, इतकी जवळ. पण भाचीच्या लग्नापासून आमचं बोलणं बंद होतं. आम्हाला सख्खा भाऊ नाही. नवरीला मांडवात मामाने आणायचं असतं. ज्या माणसाने त्या मुलीला खांद्यावर बसवून गावची सगळी जत्रा दाखवली, शाळेच्या पहिल्या दिवशी रडताना उचलून नेलं, तो माझा नवरा मांडवात हजर असताना ताई आणि भावोजींनी पुण्याच्या चुलतभावाला पुढे केलं. तो म्हणे नात्याने मामा लागतो! त्याला मुलगी ओळखायलासुद्धा कुणीतरी बोट दाखवावं लागलं असतं. यांना काही वाटलं नाही; हे आपले आइस्क्रीम कुठे आहे बघत होते. मला वाटलं. अक्षता पडल्या आणि पंगत बसायच्या आत मी यांना ओढून घरी आणलं. मला आजही वाटतं, चूक ताईची होती.

आणि आता तिच्या घरचा डबा माझ्या दारात.

रागाच्या भरात मी ताईचा नंबर काढून टाकला होता, पण डोक्यातून थोडाच काढता येतो? लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला. "हॅलो, कोण? कोण बोलतंय?" असं इतक्या घाईने म्हणाली की मी ठेवणारच होते.

"मी बोलतेय. डबा मिळाला."

मग म्हणाली, "बरं."

"मला कोरोना झालाय हे तुला कुणी सांगितलं?"

"जेवलीस का?"

"जेवले."

"काय होतं डब्यात?"

मला कळेना. आमटीभात, म्हटलं. "बरं," ती पुन्हा म्हणाली, आणि मग घाईघाईने, "उद्या पण कर फोन. डबा आला की कर."

एवढंच. ना तब्येतीची चौकशी, ना मागचं काही. मी फोनकडे बघत बसले. ही खूश आहे, की रागावली आहे, की उपकार करून मोकळी झाली आहे, काही म्हणजे काही उमगेना.

दुसऱ्या दिवशीही डबा आला. तसाच, तीच नावं. भरलेला आला की मी घासून, उकळत्या पाण्यातून काढून गॅलरीत उन्हात ठेवायचे. आजारी घरातला डबा परत कसा करायचा, आणि तोही रिकामा? फोन मात्र न चुकता करायचे. ती दर वेळी तेच विचारायची, आज डब्यात काय होतं. मी सांगायचे, दुधी. वर खोटंच, "तुझ्या हातची चव लगेच कळते." मला मीठसुद्धा कळत नव्हतं. ती हसायची. मग तिखट कितपत होतं, भाकरी होती की पोळी, असं खोदून खोदून विचारायची. अगं बाई, तूच दिलंस ना?

एकदा बोलता बोलता म्हणाली, त्यांच्या गल्लीला दोन्हीकडून बांबू लावलेत, दूधवालासुद्धा बांबूपाशीच पिशवी ठेवून जातो.

"मग डबा कोण आणून देतं?" मी विचारलं.

"येतो ना? मग झालं तर."

भावोजी काय म्हणतात, हे मी मुद्दामच पहिले काही दिवस विचारलं नव्हतं. शेवटी विचारलं. म्हणाली, झोपलेत. पुढच्या दिवशीही झोपलेत. भावोजी दुपारी आडवे होणाऱ्यांतले नव्हेत. जेवण झालं की ते वाडीत केळींमध्ये जाऊन उभे राहायचे, ऊन असो की पाऊस.

मग मला आई आठवली. आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी ताटात काय वाढलं होतं ते विसरायची, मग जेवली की नाही ते, मग आम्हाला. ताईच्या बोलण्यात मला तेच दिसायला लागलं. स्वतः रांधलेलं तिला आठवत नाही, डबा कुणाबरोबर धाडला ते आठवत नाही. इतक्या वर्षांनी बहीण परत मिळाली आणि ती अशी हातातून निसटायला लागली? ताप उतरला होता, पण त्या विचाराने मला रडूच यायला लागलं. यांना फोन करून सांगितलं, "ताईचं डोकं ठिकाणावर नाही हो." हे म्हणाले, "तुमच्या दोघींच्या घराण्यात ते कधी होतं?" मी फोन आपटला.

एके दिवशी डब्यात कारलं आलं आणि नेमकी त्याच दिवशी माझ्या जिभेला चव परत आली. इतक्या दिवसांनी पहिली चव, आणि ती कारल्याची! माझं टाळकंच सरकलं. ताईला फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. "बोल," म्हणाली.

"आजारी माणसाला कुणी कारलं पाठवतं?"

"काय होतं डब्यात?"

"कारलं! कारलं! आत्ताच सांगितलं ना? माझ्यावरचा राग काढतेस होय? काढ. लग्नात काढलास तेवढा पुरला नाही वाटतं." मग मला आवरेना. मामाचा मान, पुण्याचा चुलतभाऊ, त्याचा तो जरीचा फेटा, यांच्या हातात ठेवलेला नारळ, सगळं सगळं काढलं. ती मध्ये एक अक्षर बोलली नाही. मी दम घ्यायला थांबले तर म्हणाली, "बोल गं. थांबू नकोस." मला वाटलं, टोमणा मारते आहे. म्हणून आणखी बोलले. शेवटी बोलण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा "बरं, उद्या कर" म्हणाली आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांचं ओकून टाकल्यामुळे मला छान झोप लागली, हे खरं आहे ते लिहिते.

त्यानंतरही फोन चालू राहिले. तिचा आवाज बसलेला वाटायचा. विचारलं तर म्हणायची, गरम पाणी पिते आहे.

मग एक दिवस डबा आलाच नाही. प्लास्टिकची बरणी आली, आत पुलाव. आणि पाठोपाठ फोन, अनोळखी नंबरवरून. तरुण बाईचा आवाज होता.

"काकू, मी तिसऱ्या मजल्यावरून बोलते. सॉरी हां, पण ते स्टीलचे डबे झाले असतील तर वॉचमनकडे द्याल का? माझ्याकडे बाराच होते, सगळे तुमच्याकडे अडकलेत."

"तुमचे डबे?"

"हो ना. मीच पाठवत होते. आधी बोलले नाही, कारण आमच्या सासूबाई फार घाबरतात, त्यांना कळलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. ग्रुपवर सगळे कसे लिहीत होते, तुम्ही बघितलंच."

"पण त्यावर तर माझ्या भाचीचं नाव आहे."

"तुमची भाची?" ती ओरडलीच. "अय्या! माझं माहेर उमेळ्याचं. त्या लग्नात निघताना सगळ्यांना लाडू भरून डबे वाटले होते ना! आम्ही घरातले बारा जण गेलो होतो, बारा डबे आले, सगळे मीच घेऊन आले. तुम्हाला नाही मिळाला?"

नव्हता मिळाला. पंगतीच्या आधीच तणतणत निघून आलेल्या बाईला लाडूचा डबा कोण देणार?

फोन ठेवल्यावर मी हिशोब करायला बसले. डबे ताईचे नव्हते. मग ती 'बरं' का म्हणाली? रोज काय होतं ते विचारत होती, ते तिला खरंच माहीत नव्हतं म्हणून! म्हणजे डोकं शाबूत होतं. मला इतकं हायसं वाटलं की मी एकटीच हसले. मग हसता हसता राग आला. इतके दिवस फुकटचं श्रेय घेत होती! आणि मग पुन्हा गोंधळले. ती तशी नव्हे. श्रेय घेण्यापेक्षा दुसऱ्याच्या गळ्यात मारणारी ती.

तिला फोन लावला. "डबा तू पाठवत नव्हतीस."

"नव्हते."

"मग पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार? 'डबा माझा नाही' म्हटलं असतं, तर तू 'बरं, चुकून लागला' म्हणून ठेवून दिला असतास. मी ओळखत नाही होय तुला?"

खरंच ठेवला असता. म्हणून विषय बदलायला म्हटलं, "भावोजींना दे जरा. आज तरी उठलेत ना? त्यांनाच विचारते तुझे उद्योग."

"आज काय होतं डब्यात?" तिने विचारलं.

"ताई, भावोजींना दे फोन."

"ते नाहीत गं," ती म्हणाली. "तुझा पहिला फोन आला ना, त्याच्या आदल्या रात्री त्यांना हॉस्पिटलात नेलं होतं. मला वाटलं, तिथलाच फोन आहे, म्हणून धावत उचलला. आणि तू कारल्यावरून बोललीस ना, त्या दिवशी सकाळी गेले. आम्हाला बघायलाही मिळालं नाही नीट. लेकीला मी सांगून ठेवलं होतं, मावशी बरी होईतो तिला कळवायचं नाही."

मी काय बोलले ते मला धड आठवत नाही. बहुतेक तेच, जे सगळे बोलतात. आणि हेही, की मी त्या दिवशी काय काय बोलले तुला, मला थांबवायचं नाहीस का, एक शब्द बोलायचा नाहीस का.

"कशाला थांबवू?" ताई म्हणाली. "सकाळपासून नुसते रडणाऱ्यांचे फोन येत होते. भांडणारा तेवढा तुझाच आला. ते असताना घरात जसं असायचं, तसं वाटलं घटकाभर."