फौजदारांच्या खुणा

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, तरी कुणाच्या हाती पडलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडाने मला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

आमच्या ऑफिसातल्या फौजदारांना ‘चालतंय’ या शब्दाचा राग होता. कुणी इंजिनियर मुलगा येऊन म्हणाला, “सर, चालतंय,” की ते चष्म्यावरून बघायचे. “चालतंय हे तुम्ही म्हणता. मशीन म्हणालं का?” मुलगा मागे आपल्या टेबलाकडे बघायचा. “मग मशीनला विचारा आणि या.” ते पोलिसांत नव्हते, कॉम्प्युटरवालेच होते. पण कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा स्वभाव, म्हणून मुलांनी मागून हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. “नाव कोणी ठेवलं तेही मला माहीत आहे,” असं ते म्हणायचे आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

त्या वर्षांत पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या कंपन्या निघत होत्या. आमची कंपनी डेक्कनच्या मागे एका बंगल्यात होती. झाडलोट, फरशी, टेबलं पुसणं आणि चहा, एवढं काम माझ्याकडे. विश्रांतवाडीहून पहिल्या बसने यायचे, किल्ली माझ्याकडेच असायची. सगळ्यांच्या आधी मी आत, हे पुढे मला फार महाग पडलं.

फौजदारांचा चहासुद्धा चौकशीशिवाय होत नसे. “मावशी, साखर घातलीत?” “घातली साहेब.” तरी एक घोट घेऊन, थोडं थांबून म्हणायचे, “हो, घातली आहे.” जसा काही पंचनामा. पहिले काही महिने मला हा अपमान वाटायचा. नंतर बघितलं, ते स्वतःचं कुलूपही लावल्यावर ओढून बघायचे, दोन पावलं जाऊन परत यायचे आणि पुन्हा ओढायचे. म्हणजे माझ्यावर खास राग नव्हता.

एकदा मीच धीर करून विचारलं, “साहेब, तुम्ही नक्की काय करता?” वाटलं होतं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “कॉम्प्युटरच्या अगदी आत एक गाभा असतो. पडदा, टाइप करायच्या कळा, सगळं तोच चालवतो. त्यात बिघाड झाला की बाहेरून काही कळत नाही. मी त्या गाभ्यात ठिकठिकाणी खुणा लावतो. काम त्या खुणेवरून गेलं की आपोआप नोंद होते. मग बिघाड कुठे झाला ते नोंदी वाचून कळतं.”

“म्हणजे पहारा,” मी म्हटलं.

“पहाराच. पण अडचण अशी, की आधीचे लोक एवढा मोठा पहारा बसवायचे की गाभा त्यानेच मंद व्हायचा, आणि मंद झाला की तो बिघाड होतच नसे. पहारा उठवला की पुन्हा हजर! म्हणून मला असा पहारेकरी करायचा आहे की ज्याच्यावर तो आहे त्याला पत्ताच लागू नये.”

मला हे ऐकून बरं वाटलं नाही. पत्ता लागू न देता पहारा ठेवणारा माणूस माझ्या समोर चहा पीत बसला होता.

हे पहारेकऱ्याचं हत्यार परदेशातल्या एका गिऱ्हाईकासाठी चाललं होतं. देण्याआधी ते एका मशीनवर सतत चालवून दाखवायचं होतं, मध्ये न थांबता. ते मशीन कोपऱ्यातल्या टेबलावर होतं. आणि ते रोज सकाळी मेलेलं सापडायला लागलं. संध्याकाळी सगळे घरी जाताना ठीक, सकाळी मुलं येतात तर पडदा गोठलेला.

पहिले दोन-तीन दिवस तसेच गेले. मग मी चहा घेऊन गेले की बोलणं थांबायला लागलं. एका मुलाने प्लगवर चिकटपट्टी लावली आणि माझ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाला, “आता झाडू अडकला तरी निघणार नाही.” दुसरा म्हणाला, “झाडू कशाला, मावशी स्वतःच बंद करत असतील. वीज वाचवतात कंपनीची.” हसले सगळे. मॅडमनी, ज्या ऑफिसची व्यवस्था बघायच्या, मला आत बोलावून विचारलं, “खरं सांगा, तुम्ही त्या मशीनला काही करता का?” मी म्हटलं, “तुम्ही सांगितलंय तसं पुसते. पडदा, कळा, टेबल.” त्या म्हणाल्या, “बघा हं. मोठे साहेब म्हणतात, असंच चाललं तर दुसरी बाई बघावी लागेल.”

घरी सांगितलं नाही. घरात मिळवणारी मी एकटी होते. पगार गेला तर काय, हा विचार होताच, पण त्याहून वाटायचं, चोरी नाही, काही नाही, आणि नाव मात्र गेलं. एका ऑफिसातून अशी काढलेली बाई दुसरं ऑफिस ठेवत नाही.

फौजदार या सगळ्यात पडले नाहीत. ते बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानातून एक वायर घेऊन आले आणि त्या मशीनमधून शेजारच्या मशीनला जोडली. मुलांना सांगितलं, “मरणारा स्वतःचा जबाब लिहू शकत नाही. तो मरताना जे बोलेल ते शेजारी लिहून घेईल.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या पडद्यावर एकच ओळ, खाली खाली पुन्हा तीच, पानभर. “वायर खराब दिसते,” ते म्हणाले आणि दुसरी आणली. पुन्हा तेच.

मग एक दिवस ते माझ्याही आधी येऊन बंगल्याच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, “मावशी, रोज करता तसं करा. मी नुसता बघतो.”

मी केलं. पण ते बघत होते. कळांवरून फडकं फिरवायचं तर मी दोन बोटांनी नुसती धूळ उचलली. मशीन चालूच राहिलं. ते म्हणाले, “रोज असंच पुसता?”

“हो.”

“कोण म्हणालं?” हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मग स्वतःच म्हणाले, “नाही. मी बघत होतो म्हणून तुम्ही वेगळं पुसलंत. आणि नीट दिसावं म्हणून काल जाताना मी पडदा रात्रभर जागाच राहील असं करून ठेवलं होतं, म्हणजे मशीनही रोजचं नव्हतं. या तपासाला काही अर्थ नाही.” उठताना म्हणाले, “पडदा पहिल्यासारखा करून ठेवतो. उद्या मी येणार नाही. तुम्ही रोजच्यासारखं करा. अगदी रोजच्यासारखं.”

त्या रात्री मला खात्री पटली की हा सापळा आहे. सकाळी आत गेल्यावर आधी कॅमेरा शोधला. पंख्याच्या वाटीत बघितलं, कपाटावर बघितलं, कुंडीतली माती उकरली. मग कोपऱ्यातल्या टेबलासमोर फडकं घेऊन उभी राहिले. मी पुसलं नाही आणि मशीन जिवंत राहिलं, तर सगळे म्हणतील, बघा, बाई सावध झाली, म्हणजे तीच होती. पुसलं आणि मेलं, तर मीच होते. दोन्हीकडून मीच. उभं राहून राहून मला राग आला. सांगितलेलं काम मी का चुकवू? फडकं ओलं केलं, पिळलं आणि रोजच्यासारखं दाबून पुसलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पडदा उजळला, थरथरला आणि गोठला.

मी मोरीत जाऊन बसले. चहाचं आधण ठेवलं नाही. मुलं आली, कुणीतरी “झालं आजही” म्हणालं. फौजदार येणार नव्हते ते आले. शेजारच्या पडद्यासमोर बसले आणि तीच एक ओळ वाचत राहिले. मला दारातून त्यांची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “वायर चांगली आहे. वाचणारा गाढव आहे.”

मग ते उठून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

“सापडलं?” मोठे साहेब म्हणाले. “बाईच ना? बरं, गिऱ्हाईकाला आपण विजेचा घोटाळा झाला म्हणून कळवू. बाईचं मॅडम बघतील.”

“वीज गेलेली नाही. बाईंनी कळ दाबली हे खरं आहे. पण मशीन माझ्या हत्याराने पाडलंय.”

“म्हणजे?”

“रात्रभर कुणी हात लावत नाही, म्हणून पडदा झोपलेला असतो. कळ लागली की गाभा त्याला जागा करतो. त्या वाटेवर मी खूण लावली आहे. खूण नोंद करायला जाते, नोंद करताना पडदा जागा आहे का बघते, आणि ते बघण्याची वाट पुन्हा त्याच खुणेवरून जाते. मग पुन्हा नोंद, पुन्हा खूण, म्हणून तीच ओळ पानभर. पहारेकरी स्वतःवरच पहारा द्यायला लागला. मशीन मरणार नाही तर काय करेल?”

“अहो, पण हे गिऱ्हाईकाला कशाला सांगायचं? हत्यारातच दोष म्हटलं तर काम जाईल.”

“जाईल कदाचित. पण त्यांच्याकडेही सकाळी कुणीतरी पहिली कळ दाबणारच. तिथे कुठली मावशी काढणार?”

 फौजदार बाहेर आले आणि हॉलच्या मधोमध उभे राहून मला हाक मारली. मला जायची लाज वाटत होती. सगळ्यांसमोर म्हणाले, “मावशींनी सांगितलेलं काम सांगितलं तसं केलं. माझ्या हत्याराने तसं केलं नाही. चिकटपट्टी काढा त्या प्लगची.” ज्याने लावली होती त्यानेच ती काढली. निघता निघेना, नखांनी खरवडत बसला.

मी राहिले. हत्यार दुरुस्त झालं, पण उशिरा, आणि गिऱ्हाईकाने पुढचं काम दिलं नाही. फौजदारांना दुकानांच्या बिलांचं काम दिलं गेलं. तेही ते तसंच करत, प्रत्येक बेरीज हाताने पुन्हा करून. पण गाभ्याबद्दल बोलणं बंद झालं. दिवाळीनंतर ते कंपनी सोडून बंगळूरला गेले.

जायच्या दिवशी मुलांनी केक आणला होता. फौजदारांनी तो खाल्ला आणि मग एकटेच चहाला आत आले. मी कप दिला. त्यांनी घोट घेतला, थांबले, मान हलवली. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, तुम्हीसुद्धा माझ्यावर संशय घेतला होता ना?”

“घेतला होता. सगळ्यात आधी तुमच्यावर, मग मुलांवर, मग बुधवार पेठेतल्या वायरवाल्यावर. स्वतःवर सगळ्यात शेवटी. क्रम उलटा हवा होता.”

“मीपण तुमच्यावर घेतला होता. कॅमेरा शोधला सगळीकडे.”

“सापडला?”

“नाही.”

“मग विश्वास बसला?”

“नाही बसला.”

तेव्हा ते हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. “बरोबर केलंत,” म्हणाले, “आमच्या मुलांना हे अजून जमत नाही.” कप ठेवला, दारापर्यंत गेले, परत फिरले आणि म्हणाले, “नव्हता हो कॅमेरा.”

मी म्हटलं, “कोण म्हणालं?”